पाच लाखांच्या टर्बो ट्रॅक कारचा तापलेला हिशेब

हा मजकूर मला आतापर्यंत चार वेळा आलाय. आधी कॉलेजच्या ग्रुपवर, मग गाडीवेड्यांच्या ग्रुपवर, मग भाच्याकडून. चौथ्यांदा पाठवला तो एका सहकाऱ्याने, ज्याच्या गाडीचे अजून तेवीस हप्ते बाकी आहेत. खाली लिहिलं होतं, "दादा, करूया का?" पहिल्या तीन वेळा हसून सोडून दिलं होतं. या वेळी म्हटलं, नीट उत्तर लिहावं.

मजकूर कोणी लिहिलाय ते कळत नाही, पण सार असं: रेस ट्रॅकवर गाडी पळवायला करोडपती असावं लागत नाही. तीन लाखांत जुनी टर्बो पेट्रोल गाडी घ्या (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा). पोलो जीटी टीएसआय, लिनिया टी-जेट, नशीब असेल तर पुंटो अबार्थ. चाळीस हजारांत रीमॅप करा (इंजिन चालवणाऱ्या संगणकातली सेटिंग बदला), शंभराचे दीडशे घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून मोठा टर्बो आणून बसवलात तर दोनशे. मागची सीट, कार्पेट, स्टेपनी काढून टाका, दीडशे किलो फुकटात कमी. ब्रेकला चांगले पॅड टाका, बस. शनिवारी चालवत ट्रॅकवर जा, रविवारी चालवत परत या, सोमवारी त्याच गाडीने ऑफिस. एकूण पाच लाख, आणि चाळीस लाखांच्या गाड्या तुमच्या आरशात.

मी स्वतः सात वर्षं लिनिया टी-जेट वापरली. तिच्यासकट चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाऊन आलोय, एकदा तिथल्या मातीत जाऊनही आलोय. तेव्हा हे उत्तर काठावर बसून दिलेलं नाही.

मुळात हा पाच लाखांचा आकडा आला कुठून? माझा अंदाज असा की तो अमेरिकेतून आलाय. तिकडे "पाच हजार डॉलरांत टर्बो मियाटा" हा गाडीवाल्यांचा जुना लाडका खेळ आहे. माझदाची मियाटा १९८९ साली आली. दोन माणसांची, मागच्या चाकांना ताकद देणारी, वजनाला टनाच्या आत-बाहेर, इंजिन १.६ लिटरचं आणि ताकद ११५-११६ घोड्यांची. लाखांनी खपली, म्हणून तिचे सुटे भाग भंगारातही मिळतात आणि नवेही. माझा मावसभाऊ डेट्रॉइटजवळ राहतो. त्याच्याकडे अशीच एक जुनी मियाटा आहे. शनिवारी पहाटे तो ती ट्रेलरवर चढवतो आणि अडीच-तीन तासांत साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर पोचतो. गाडी मोडली तर ट्रेलर आहेच. गिअरबॉक्स गेला तर दुसरा मिळतो. पाच हजार डॉलरांच्या त्या गोष्टीमागे हे सगळं उभं असतं, आणि तरीही त्याच्या बायकोला विचाराल तर ती पाच हजारांचा आकडा ऐकून हसते. आपल्या मजकूरवाल्याने डॉलरचे रुपये केले, मियाटाच्या जागी पोलो घातली आणि बाकी सगळं तिकडेच ठेवलं.

आता एकेक मुद्दा घेऊ.

गाडीची निवड. मजकुरातला हा सगळ्यात बरा भाग आहे. पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली, १.२ लिटर, १०५ घोडे, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा पीळ). लिनिया टी-जेट २०१० ची, १.४ लिटर, ११४ घोडे, २०७ न्यूटन-मीटर. २०१५ च्या पुंटो अबार्थमध्ये तेच टी-जेट इंजिन १४५ घोड्यांचं होऊन आलं, किंमत दहा लाखांच्या जरा आत. पोलो चाकणची, फियाट रांजणगावची. म्हणजे या तिन्ही आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच लेकी. या तिघींचं चेसिस चांगलं आहे, इंजिन दणकट आहे, यात वाद नाही.

पण तीन लाखांना मिळते ती गाडी दहा-बारा वर्षांची असते. फियाटने २०१९ ला इथला गाशा गुंडाळला, पोलो २०२२ ला बंद झाली. अशा गाडीत घोडे वाढवायच्या आधी टायमिंग बेल्ट (टी-जेटला बेल्टच आहे), वॉटर पंप, कूलंटचे सगळे होज, इंजिन माउंटिंग, लोअर आर्मचे बुश, शॉक ॲब्सॉर्बर, हे सगळं बघावं लागतं. यातलं काहीही गाडीला वेगवान करत नाही. ही फक्त गाडीला तिच्या मूळ वयात परत न्यायची कामं. माझ्या लिनियाला यात साठ-सत्तर हजार गेले, आणि ते करून झाल्यावर ती नव्या लिनियासारखी झाली, एवढंच. मजकुरात या ओळीपुढे शून्य आहे.

रीमॅप. इथे जरा थांबतो, कारण या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि अर्ध्या सत्याला उत्तर देणं जास्त कष्टाचं.

रीमॅपने घोडे वाढतात, खरंच वाढतात. टर्बो गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढवला की सिलिंडरमध्ये हवा जास्त जाते, त्या प्रमाणात पेट्रोल जास्त, ताकद जास्त. यासाठी इंजिन उघडावंही लागत नाही. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाची शर्यत होते, तिथे रीमॅप केलेली गाडी मूळ गाडीला सहज मागे टाकेल. पण तिथली धाव पंधरा-सोळा सेकंदांत संपते आणि पुढच्या फेरीपर्यंत गाडी बॉनेट उघडून सावलीत उभी असते. डायनोवरही, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावरही, तसंच. समोर मोठा पंखा, दहा सेकंदांची एक ओढ, छापील कागद हातात. मजकुरातले दीडशे घोडे त्या कागदावरचे आहेत.

ट्रॅकचं सत्र वीस मिनिटांचं असतं, आणि त्यात निम्म्याहून जास्त वेळ पाय तळाला टेकलेला असतो. तेव्हा काय होतं ते बघा. हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम लागते, तोच प्रकार. बाहेर ३५ अंश आहेत असं धरू. चेन्नईत हे फार नाही. टर्बो ०.८ बारचा बूस्ट देत असेल आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर त्यातून बाहेर पडणारी हवा साधारण ११५ अंशांवर असते. आता रीमॅपवाल्याने तोच बूस्ट १.२ बारवर नेला. छोटा टर्बो त्याच्या सोयीच्या पट्ट्याबाहेर गेला की कार्यक्षमता घसरते, समजा ६५ टक्क्यांवर आली. हवा १५५ अंशांवर गेली. ही चाळीस अंशांची वाढ झेलायची कोणी? त्याच इंटरकूलरने (टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी), जो कंपनीने मूळ ताकदीसाठी मापून बसवलाय. पहिल्या दोन फेऱ्या तो झेलतो. मग त्याचं ॲल्युमिनियमच तापून बसतं. चौथ्या-पाचव्या फेरीला इंजिनात गरम हवा जायला लागते, नॉक सेन्सरला पेट्रोल अवेळी पेटल्याची खडखड ऐकू येते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो, बूस्ट उतरवतो. चालवणाऱ्याला वाटतं गाडी दमली. गाडी दमलेली नसते, ती स्वतःला वाचवत असते. ज्या रीमॅपमध्ये ईसीयूचा हा शहाणपणाच बंद करून ठेवलेला असतो, तिथे पिस्टन दमतो.

पेट्रोलचंही तसंच. २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन (अवेळी न पेटण्याची क्षमता) ९१ ठरलं, प्रीमियमचं ९५. त्यावरचं हवं असेल तर इंडियन ऑइलचं एक्सपी१०० आहे, डिसेंबर २०२० मध्ये आलेलं, पण ते निवडक शहरांतल्या निवडक पंपांवरच मिळतं. पुण्यात शंभर ऑक्टेनवर ट्यून केलेली गाडी घेऊन निघालात आणि वाटेत चित्रदुर्गाजवळ टाकी खाली झाली तर पंपावर जे असेल ते भरणार ना? मॅप मात्र शंभराचाच राहतो. आता ई२० ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, भर पडलीय. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, तो फायदा कबूल. पण त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, म्हणजे इंजेक्टर आणि पंपावरचा भार वाढतो. मूळ ताकदीवर हे खपून जातं. रीमॅपने इंजेक्टर आधीच काठावर नेला असेल तर मिश्रण पातळ होतं, आणि भर बूस्टमध्ये मिश्रण पातळ झालं की काय होतं ते कोणत्याही जुन्या मेकॅनिकला विचारा.

पोलो जीटीच्या सुरुवातीच्या गाड्यांत सात गिअरचा ड्राय-क्लच डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) आहे. त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. स्टेज-वन (सुटे भाग न बदलता केलेल्या) रीमॅपनंतर ही गाडी त्या मर्यादेच्या अगदी जवळ जाऊन बसते. रस्त्यावर चालतं, कारण तिथे पूर्ण ताकद क्षणभरच लागते. ट्रॅकवर कोरड्या क्लचला थंड करायला तेल नाही, आणि उसंतही नाही.

कुर्ल्याचा टर्बो. सीएसटी रोडच्या गाळ्यांमधून मीही फिरलोय. दिल्लीच्या मायापुरीचीही तीच कथा. तिथे टर्बो मिळतात, पाच-सात हजारांतही मिळतात. दुकानदार शाफ्ट बोटाने फिरवून दाखवतो, "देखो साहब, मक्खन." तो शाफ्ट गाडीत मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरणार आहे. त्याला सांभाळते ती बेअरिंगमधली तेलाची पातळ फिल्म. आधीच्या मालकाने इंजिन तापलेलं असताना कितीदा चावी फिरवून गाडी बंद केली, आतलं तेल जळून किती कोळसा झाला, हे बोटाला कळत नाही.

आणि टर्बो एकटा येत नाही. मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर टर्बोपर्यंत नेणारे पाइप) बनवून घ्यावा लागतो. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट ९०० अंशांच्या पलीकडे जातो, त्यात साध्या लोखंडी पाइपचं वेल्डिंग काही दिवसांतच तडकतं. तेलाचा फीड, परतीची नळी (ती उताराची लागते, कारण तेल गुरुत्वाकर्षणाने परत येतं), मोठे इंजेक्टर, मोठा इंटरकूलर, जड क्लचप्लेट, आणि या सगळ्याची पुन्हा ट्यूनिंग. सात हजारांच्या वस्तूसाठी दीड लाखाची वरात. बरं, हे सगळं जमलं तरी दोनशे घोडे जाणार कुठे? पुढच्या दोन चाकांना, तेही साध्या डिफरन्शियलमधून (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग). हेअरपिनमधून, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणातून, बाहेर पडताना आतलं चाक जागच्या जागी फिरतं, धूर निघतो, बाहेरचं चाक वाट बघतं. मोठा टर्बो बूस्ट उशिरा आणि एकदम देतो, त्यामुळे हे अजूनच बिघडतं. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला आवरणारा लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल घातला की सुटतं. त्याची किंमत मजकुरात नाही हे सांगायला नकोच.

आता ब्रेक. "चांगले पॅड टाका, बस." या चार शब्दांवर मी या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त चिडलोय.

साधा हिशेब करू. चालक धरून गाडी १,२०० किलो. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर यायचंय. ब्रेकना गिळावी लागणारी ऊर्जा साधारण दहा लाख जूल. तीन लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी लागते तेवढी. गॅसवर याला दहा-पंधरा मिनिटं जातात, ब्रेकना हे साडेतीन सेकंदांत करायचंय. त्यातली सत्तर टक्के ऊर्जा पुढच्या दोन डिस्कवर येते. सहा किलोची डिस्क धरली तर एका ब्रेकमध्ये तिचं तापमान ११५ अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत थोडं उतरतं, सगळं नाही. फेरीत असे तीन-चार मोठे ब्रेक, सत्रात आठ-दहा फेऱ्या. डिस्क पाचशेवर कधी गेली ते कळतही नाही, आणि रस्त्यावरचे पॅड साडेतीनशे-चारशेच्या पुढे हात वर करतात.

आता त्या रीमॅपकडे परत या. वाढीव घोड्यांमुळे त्याच पट्ट्याच्या शेवटी १६० ऐवजी १८० चा वेग आला असं धरा. वेग वाढला साडेबारा टक्के. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ब्रेकवरचा भार तीस टक्क्यांहून जास्त वाढला. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मधला सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे, आणि त्याच्या शेवटी हेअरपिन. तिथे हा तीस टक्क्यांचा फरक पेडलखाली लागतो. मजकूरवाल्याने चाळीस हजार देऊन घोडे घेतले, आणि त्या घोड्यांनी आणलेल्या उष्णतेची सोय करायला एका पॅडच्या जोडीचे पैसे ठेवले.

माझी मातीतली भेट याच प्रकारातली. मद्रास सर्किट, म्हणजे तोच इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. माझी गाडी तेव्हा मूळ ताकदीवरच होती. पॅड नवे होते, चांगले होते. दुसऱ्या सत्रात पाचव्या की सहाव्या फेरीला पेडल नेहमीपेक्षा जरा खोल गेलं. मी दुर्लक्ष केलं. पुढच्या वळणाला पेडल थेट फळीला टेकलं. दोनदा, तीनदा पंप केलं, थोडा ब्रेक आला, पण तोवर डांबर संपलं होतं. गाडी मातीत रुतली, लाल झेंडा, दोरी, सगळ्यांच्या सत्रातली सात-आठ मिनिटं गेली. गाडीला काही झालं नाही. मला मात्र पुढचा तासभर कोणाच्या डोळ्यांत बघवेना.

चूक माझीच होती, आणि ती पाचशे-सहाशे रुपयांची होती. ब्रेक ऑइल तीन वर्षं बदललं नव्हतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी शोषलेल्या अवस्थेत मानकानुसार ही मर्यादा १५५ वर येते. पुण्याचे तीन पावसाळे खाल्लेलं ऑइल होतं माझं. कॅलिपरमध्ये ते उकळलं, वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडलचा जोर पिस्टनपर्यंत पोचलाच नाही. पॅड कितीही भारी असता तरी काही उपयोग नव्हता. त्यानंतर प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी मी ऑइल बदलतो, नव्या सीलबंद डब्यातलं. गॅरेजच्या फळीवर सहा महिने उघडी पडलेली अर्धी बाटली चालत नाही.

दीडशे किलो फुकटात. घरगुती वजनकाट्यावर मोजून बघा. हॅचबॅकची मागची सीट पंचवीस-तीस किलो, स्टेपनी आणि जॅक मिळून पंधरा-वीस, कार्पेट आणि मागचा ट्रे दहा-बारा. बेरीज साठ-सत्तरच्या पुढे जात नाही. एसी काढला तर अजून पंधरा-वीस, पण मग तीच गाडी सोमवारी मे महिन्यात हिंजवडीच्या सिग्नलला न्यायचीय हे विसरू नका. साठ किलोसुद्धा वाया जात नाहीत, ब्रेक आणि टायर दोन्ही खूश होतात. त्यामुळे सीट काढा, पैसे लागत नाहीत, मी पण काढतो.

पण याच उत्साहात लोक पुढची सीट बदलून बकेट सीट बसवतात, साइड एअरबॅगची वायर तोडून टाकतात, चार पट्ट्यांचा हार्नेस मागच्या बेल्टच्या बोल्टला अडकवतात. मूळ सीटबेल्ट, सीट आणि एअरबॅग ही एकत्र विचार करून बनवलेली व्यवस्था आहे. गाडी उलटली आणि टप खाली आला, तर साध्या बेल्टमध्ये माणूस बाजूला झुकू शकतो; रोल केजशिवायच्या (गाडीच्या आतल्या लोखंडी सांगाड्याशिवायच्या) हार्नेसमध्ये तो ताठ बसून राहतो, आणि टप त्याच्या डोक्यावर येतो. केज घालायची ऐपत नसेल तर कंपनीचा बेल्टच ठेवा.

चालवत जा, चालवत या. पुण्याहून इरुंगट्टुकोट्टई साधारण बाराशे किलोमीटर. कोइंबतूरच्या कारी स्पीडवेलाही जवळपास तेवढंच, आणि बुद्ध सर्किट त्याहून लांब. म्हणजे जाऊन-येऊन चोवीसशे किलोमीटर. लिटरला बारा धरले तर दोनशे लिटर पेट्रोल, एकवीस हजार रुपये. ट्रॅकवर हीच गाडी लिटरला चार-पाच देते, ते वेगळं. टोल, दोन रात्रींची खोली, ट्रॅकची फी, पॅडची झीज. टायर तर विचारू नका. पंधरा-सोळा इंचातले चार बरे टायर तीस-पस्तीस हजारांच्या खाली येत नाहीत, आणि ट्रॅकवर त्यांचा जन्म दोन-तीन वेळांचा. माझ्या वहीत एका खेपेचा खर्च पन्नास ते साठ हजारांच्या मध्ये कुठेतरी पडतो, काहीही न मोडता. वर्षात चार खेपा केल्या तर दोन लाखांच्या वर. मजकुरातले पाच लाख हे गाडी उभी असतानाचे आहेत.

आणि मोडली तर? रीमॅप केलेली, सीट काढलेली गाडी चेन्नईच्या बाहेर उभी, क्लच जळालेला. फ्लॅटबेडवर बाराशे किलोमीटर. एकदा दर विचारून बघा.

मग विमा. तुमच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असा एक परिच्छेद असतो, सहसा कोणी वाचत नाही. त्यात संघटित शर्यत, वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी वगैरे सरळ वगळलेलं असतं. ट्रॅकवर भिंतीला लागलात तर खर्च तुमचा. समोरच्याच्या गाडीला लागलात तर त्याचा खर्च कोण देणार हे तिथे जाण्याआधी दोघांनी ठरवलेलं बरं.

रस्त्यावरची गोष्ट त्याहून कडक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. कलम १८२-अ खाली असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मोठा टर्बो, मोकळा एक्झॉस्ट, काढून टाकलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: मजकूरवाल्याची गाडी सोमवारी ऑफिसला निघाली की हे तिन्ही घेऊन निघते. नाकाबंदीवरच्या हवालदाराला कलम नाही आठवलं तरी आवाज ऐकू येतोच.

चाळीस लाखांच्या गाड्या आरशात. हे होतं, मी पाहिलंय. पण जे पाहिलं त्यात मागे टाकणारी गाडी टर्बो नव्हती. जुनी साधी स्विफ्ट होती, चालवणारा मुलगा कारीवर फॉर्म्युला एलजीबी (एका माणसाची रेस कार) चालवलेला, आणि टायर चांगले. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणात रस्त्यावरच्या साध्या टायरची पकड ०.८५ जी धरली (१ जी म्हणजे गाडीच्या वजनाइतका जोर) तर गाडी ताशी ७३ किलोमीटरने निघते. चिकट टायरने पकड १ जी झाली की ८० ने. सात किलोमीटरचा हा फायदा वळणाच्या आत मिळतो आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर शेवटपर्यंत सोबत येतो. घोड्यांनी मिळवलेला वेग मात्र पुढच्या ब्रेकला पूर्ण परत द्यावा लागतो, तोही डिस्क तापवून. चाळीस लाखांच्या गाडीचा मालक बहुतेक वेळा तिला ओरखडा येईल या भीतीने चालवत असतो, हेही लक्षात ठेवा. त्याला मागे टाकणं फारसं अवघड नसतं.

तर पाच लाखांत काय होतं? होतं की. तीन लाखांची टी-जेट किंवा टीएसआय घ्या, शक्यतो हाताने गिअर टाकायची. सत्तर-ऐंशी हजार तिचं वय उतरवण्यात घाला. बूस्टला हातही लावू नका. डॉट ५.१ किंवा ताजं डॉट ४, ट्रॅकचे पॅड, ब्रेककडे वारा नेणारी नळी (दोन प्लास्टिकचे पाइप आणि जाळी, हजार रुपयांचं काम), चांगलं ५डब्ल्यू-४० इंजिन ऑइल, चार बरे टायर. सत्र संपताना शेवटची फेरी हळू मारा, आत आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका आणि हँडब्रेक ओढू नका. उरलेले लाखभर रुपये पहिल्या दोन खेपांसाठी राखून ठेवा. त्यातली एक खेप गाडी न नेता करा, रेस स्कूलची सिंगल-सीटर भाड्याने चालवा. आपल्याला किती येत नाही ते तिथे अर्ध्या दिवसात कळतं, आणि टायर त्यांचे जळतात.

सहकाऱ्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. तेवीस हप्ते बाकी असलेल्या गाडीत रीमॅप नको, आणि वॉरंटी जाईल ती वेगळीच, एवढंच म्हटलं. तो जरा हिरमुसला. मग विचारलं, "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस?" म्हणाला, "ते बदलायचं असतं?" रविवारी सकाळी गाडी घेऊन ये म्हटलंय. डबा मी आणून ठेवलाय, सीलबंद.